पोरं कोणत्या भाषेत मोजतात ते आधी बघ

अगं, कोळारच्या बाजूची मराठी शाळा मिळाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या मैत्रिणींना शहरातल्या शाळा मिळाल्या, बस बदलावी लागणार नाही, हे खरं. पण बीएडच्या इंटर्नशिपमध्ये शिकायला मिळणार ते तुलाच. बीदरला खेटून असलेला हा भाग, बाजूला औद्योगिक वसाहत. कामाला माणसं चारी बाजूंनी आलेली. कुणी भालकी-औरादकडचं मराठी, कुणी चिटगुप्प्याकडचं कन्नड, कुणी जहिराबादहून आलेलं तेलुगू, कुणी तांड्यावरचं, आणि बीदरची दखनी तर सगळ्यांच्याच तोंडी. तुमच्या कॉलेजात ‘द्विभाषिक वर्ग’ म्हणून जो धडा आहे त्यात दोनच भाषा असतात. आपल्याकडे दोन म्हणजे कमीत कमी.

तू विचारलंस, पहिल्या दिवशी काय शिकवू? काही शिकवू नकोस. वर्गशिक्षिकेच्या परवानगीने मागे बस, सुट्टीत नळापाशी उभी राहा, जेवणाच्या पंगतीत फिर. प्रत्येक पोराच्या नावापुढे वहीत तीन गोष्टी लिही. ते मोजतं कोणत्या भाषेत, भांडतं कोणत्या भाषेत, आणि पडल्यावर कोणत्या भाषेत ओरडतं. वर्गात विचारशील तर पोर शाळेची भाषा सांगेल, कारण तेच उत्तर बाईंना आवडतं हे त्याला पहिलीतच कळलेलं असतं. गोट्या मोजताना मात्र कुणी खोटं बोलत नाही.

हजेरीपटातल्या मातृभाषेच्या रकान्यावर विसंबू नकोस. तो रकाना प्रवेशाच्या गर्दीत भरलेला असतो. आडनाव बघून, जात बघून, नाहीतर शाळेचं माध्यम बघून. मुसलमान पोरापुढे उर्दू लिहिलेलं असतं आणि घरी चालते ती दखनी, जी पुस्तकातल्या उर्दूपासून पुष्कळ लांब आहे. लमाण पोरापुढे कन्नड किंवा मराठी, आणि घरी आईला ते ‘याडी’ म्हणतं. हा रकाना तू स्वतःच्या वहीत नव्याने भर. तुमच्या कॉलेजच्या निरीक्षण-नोंदवहीत त्याला जागा नसेल तर मागच्या कोऱ्या पानांवर कर.

हे सगळं कुणी मुद्दाम कालवलेलं नाही बरं. जुना बीदर जिल्हाच असा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य वाटलं गेलं तेव्हा ह्या एका जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. तालुके वाटले गेले, सोयरिकी काही वाटल्या गेल्या नाहीत. त्याआधी निजामाच्या अमलात तर शाळेची भाषा उर्दू. मराठी पोराला परकी, कन्नड पोरालाही परकी. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवायचे, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. मराठीवाल्यांनीही ती ऐकावी. घरच्या भाषेत अक्षर गिरवायला मिळावं म्हणून कुणीतरी पाटीमागे लपून शिकवलंय, हे कळलं की वर्गातल्या कन्नड पोराकडे बघायची नजर बदलते.

आणि सीमावाद वर्गात आणायचा नाही. शिक्षकांच्या खोलीत निघाला तर चहा पी आणि उठ. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव असतो. तुझ्या वर्गाला कन्नड गाणं बसवायला सांगितलं तर नाक मुरडू नकोस, सुरात बसव. मराठी पोरांनी कन्नड गाणं चांगलं म्हटलं की वर्षभर त्यांच्या मराठीकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. हा माझा आडाखा आहे, नियम नाही.

कायद्याचं तुमच्या परीक्षेपुरतं तुला येतंच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, हे राज्यघटनेचं कलम ३५० (अ) म्हणतं, आणि तेही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं, म्हणजे राज्यं वाटतानाच. शक्य तिथवर माध्यम मातृभाषा असावं असं २००९ चा शिक्षणहक्क कायदाही म्हणतो. कर्नाटकाचा २०१५ चा कायदा कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सगळ्या शाळांत शिकवायला लावतो. तिन्ही एकत्र वाच. मराठी शाळेतलं पोर मराठीत शिकणार आणि कन्नडही शिकणार, हे ठरलेलंच आहे. प्रश्न उरतो तो कसं, आणि ते कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आता मुख्य सांगते. आकड्यांपाशी सगळ्यात जास्त थांब.

मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून. लिहिताना दोन आधी, पाच मागून. कन्नडात इप्पत्तैदु, आधी वीस, मग पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं. तेलुगूतही तसंच. दखनीत पच्चीस, म्हणजे आपल्यासारखंच उलटं. एकाच बाकावर दोन पोरं बसलेली असतात, एकाची जीभ आणि पेन्सिल एका दिशेने जातात, दुसऱ्याची विरुद्ध दिशांनी. तू ‘पंचवीस लिहा’ म्हणतेस आणि एकजण ५२ लिहितो. बाई लाल फुली मारतात आणि शेऱ्यात लिहितात, गणितात कच्चा. तो गणितात कच्चा नाही. त्याने कानावर आलं त्या क्रमाने लिहिलं.

एकोणतीस तर त्याहून वाईट. त्यात नऊ कुठे ऐकूच येत नाही, ऐकू येतात ते तीस. पोर ३९ लिहून मोकळं. कन्नडात इप्पत्तोंबत्तु, सरळ वीस आणि नऊ. आपले एकोणवाले आकडे कन्नड घरच्या पोराला समजायला वेळ लागतो, आणि मराठी घरच्या पोरालाही लागतो. फक्त मराठी पोराच्या वेळी आपण म्हणतो ‘येईल हळूहळू’ आणि कन्नड पोराच्या वेळी म्हणतो ‘ह्याला मराठी येत नाही’.

ह्यावर उपाय फुकटचा आहे आणि आपल्या रानात आहे. तूर निघाली की तुराट्या कुणाच्याही बांधावर पडलेल्या असतात. बोटाएवढ्या कापून घे, टोकं घासून घे, नाहीतर हातात शिलका जातात. दहा-दहाचे गठ्ठे बांधायला पोरांनाच लाव, तू बांधून नेऊ नकोस, कारण गठ्ठा बांधताना दहा म्हणजे एक हे बोटांना कळतं. मग दोन गठ्ठे आणि पाच सुट्या समोर ठेव. आधी म्हणायचं ‘वीस आणि पाच’. लिहायचं २५. आणि सगळ्यात शेवटी सांगायचं की ह्याला मराठीत पंचवीस म्हणतात. कन्नड घरच्या पोराला विचार, तुझ्या घरी काय म्हणतात? तो इप्पत्तैदु म्हणेल, आणि त्या दिवशी वर्गात बरोबर तोच असेल. मराठी पोरांना ऐकू दे की त्यांच्या आकड्यांचा हिशेब जगात सगळीकडे चालत नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात ह्याच गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला होता, तू तेव्हा शाळेत असशील. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विधानसभेपर्यंत टिंगल गेली, मराठी बुडाली म्हणून लेख आले. मला तेव्हाच वाटलं होतं की ह्या लोकांनी एक आठवडा सीमेवरच्या दुसरीच्या वर्गात बसावं. जोडाक्षरी आकडे नको कुणी म्हणत नव्हतं. पोराच्या हाताला धरून तिथवर न्यायची वाट सांगत होते. तू ती वाट बिनधास्त वापर, निरीक्षक प्राध्यापकांनी विचारलं तर पुस्तकाचं नाव सांग.

आणखी एक. आकडे ऐकून लिहिणं हा भाषेचा तास, बेरीज-वजाबाकी हा गणिताचा. दोन्ही एकाच वेळी तपासू नकोस. गणित तोंडी घालायचं असेल तर फळ्यावर आकडा लिही. पोराने उत्तर काड्यांनी बरोबर दाखवलं आणि बोलताना अडखळलं, तर गणिताचे गुण पूर्ण दे. पाढे ज्या भाषेत घरी पाठ झालेत त्याच भाषेत म्हणू दे. बीदरच्या गांधी गंजात आडतीवर जाऊन बघ कधी. भाव कन्नडात होतो, हुज्जत दखनीत होते, आणि म्हाताऱ्या दलालाचे ओठ हिशेब करताना ज्या भाषेत हलतात ती तिसरीच असते. त्याचा हिशेब काही चुकत नाही.

दुसरी मोठी गोष्ट भाषांतराची. नव्या बाई दोन भाषांच्या वर्गात गेल्या की सगळ्या एकच करतात, एक वाक्य मराठीत, लगेच तेच कन्नडात. फार प्रामाणिकपणे करतात, घसा बसेपर्यंत करतात. आणि पोरं काय करतात? कन्नड पोर मराठी वाक्य चालू असताना खिडकीबाहेर बघतं, कारण त्याला ठाऊक असतं की आपलं वाक्य येणारच आहे. मराठी पोर कन्नड वाक्यात डुलकी काढतं. वर्षअखेर दोघांना दुसऱ्याची भाषा येत नाही, आणि बाईंचा घसा कायमचा जातो.

त्यापेक्षा तासाचे तीन तुकडे कर. पाण्याचे साठे असा परिसर अभ्यासाचा पाठ आहे समज. पहिली पाच-सात मिनिटं घरच्या भाषांमध्ये गप्पा. तुमच्याकडे पाणी कुठून येतं, बोअर आटली का, टँकर कुणाच्या दारात थांबतो. ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. मधला मोठा तुकडा मात्र पूर्ण शाळेच्या भाषेत, एकही शब्द उलटून न सांगता. चित्र दाखव, हातवारे कर, खरी कळशी-दोर आण, पण भाषांतर नको. शेवटची काही मिनिटं पोरांची, आज काय कळलं ते पुन्हा हव्या त्या भाषेत. पहिल्या तुकड्यामुळे विषय ओळखीचा झालेला असतो म्हणून मधल्या तुकड्यात पोर तग धरतं, आणि शेवटच्या तुकड्यात तुला कळतं की कुणाच्या डोक्यावरून गेलं. तुझी कन्नड कच्ची आहे, त्याची चिंता नको. गप्पा ऐकून मान डोलवायला जेवढी लागते तेवढी पहिल्या महिन्यात येते. नीरु, ऊटा, बेकु, बेड, बा (पाणी, जेवण, हवं, नको, ये) एवढे शब्द आजच पाठ कर. ज्या पोराला पाणी हवंय ते तुझ्या मराठीसाठी थांबणार नाही.

वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी असतेच जिला दोन्ही भाषा फाडफाड येतात. बाई तिला दुभाषी करून टाकतात. ‘सांग गं त्याला.’ एकदोनदा ठीक. रोज केलंस तर तिचा स्वतःचा धडा बुडतो, आणि ज्याला ती सांगते त्याला तुझ्याकडे बघायची सवय लागत नाही. जोड्या दर आठवड्याला बदल.

कर्नाटकात २०१९ पासून सरकारी शाळांमध्येही इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले, महाराष्ट्राने पहिलीला द्विभाषिक पुस्तकं आणली. अशी दोन भाषांची पुस्तकं हातात आली तर तिथेही तेच. पोराचा डोळा सोप्या बाजूलाच जातो. एक बाजू कोऱ्या कागदाने झाकून वाचायला दे, अडला तरच कागद सरकव.

लिपीचं आता. पहिली-दुसरीला नलि-कलिची कार्डं तुला दिसतील. ही पद्धत १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातून निघाली, ऋषी व्हॅलीच्या शाळांचं बघून, आणि २००९-१० पासून राज्यभर गेली. दोन-तीन इयत्ता एकत्र, शिडीसारखे टप्पे, काही पोरं बाईंपाशी, काही एकमेकांपाशी, काही आपली आपण. ज्या शाळेत एक मास्तर आणि तीन इयत्ता, तिथे ही पद्धत जीव वाचवते. तिच्या कन्नड कार्डांत अक्षरं अ, आ, इ, ई ह्या क्रमाने येत नाहीत. र, ग, स, द, अ अशी येतात, कारण कन्नडात ती लिहायला एकमेकांच्या जवळची आहेत. तोच क्रम देवनागरीला लावू नकोस. देवनागरीत र, स, ख एका हाताची, ग, म, भ, न दुसऱ्या हाताची, व, ब, क तिसऱ्या. दोन लिप्या एकाच महिन्यात सुरू करू नयेत असं माझं ठाम मत आहे. मराठी शाळेत पोर छोटी वाक्यं आपलं आपण वाचायला लागेपर्यंत कन्नड फक्त कानावर आणि तोंडात असू दे. गाणी, गोष्टी, खेळ. एकदा देवनागरी बसली की कन्नडाला वेळ लागत नाही, कारण क ख ग घ हा क्रम आणि त्यांचे आवाज तेच आहेत, फक्त चित्रं नवी.

अडतं ते ठरावीक ठिकाणी, आणि ती ठिकाणं आधी माहीत असली की फुल्या कमी माराव्या लागतात. पहिलं, ऱ्हस्व वेलांटी. मराठीत ती बोलायची अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराआधी, कन्नडात असला प्रकार नाही. कन्नड वाचणारं पोर ‘किती’ लिहिताना गोंधळणारच. दुसरं, जोडाक्षर. आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडात पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पोटाखाली बारीक होऊन बसतं. हे शिकवायला अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द घे. दोन्ही घरांत तेच आहेत, अर्थ सांगावा लागत नाही, सगळं लक्ष लिहिण्यावर राहतं. फळ्याचे दोन भाग करून दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी लिही आणि पोरांनाच फरक शोधू दे.

तिसरं, शब्दाच्या शेवटचा अ. आपण ‘काम’ लिहितो आणि ‘काम्’ म्हणतो. कन्नडात शेवटचं अक्षर पूर्ण म्हणतात. त्यामुळे कन्नड घरचं पोर मराठी वाचताना प्रत्येक शब्दाला शेपूट लावतं, आणि मराठी पोर कन्नड वाचताना शेपूट कापतं. कन्नडात झाडाला ‘मर’ म्हणतात, शेवटचा र पूर्ण. मराठी पोर ते आपल्या पद्धतीने वाचतं आणि वर्ग खिदळतो. हसू दे, तूही हस, मग दोन्ही उच्चार एकामागून एक करून दाखव. चौथं, कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन आहेत, आपल्याला एकेकच. ‘ओंदु’मधला ओ आखूड, ‘ओदु’मधला लांब. मराठी कानाला तो फरक आपोआप ऐकू येत नाही. आखूडाला एक टाळी, लांबाला ओढलेला हात, असं करून घे. आणि चहातला च नि चाकातला च वेगळे, हे कन्नड पोराला कुणीच सांगितलेलं नसतं. मराठी शिक्षकांनाही ते सांगायचं सुचत नाही, कारण लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात.

बोलण्यातल्या चुका चारचौघांत दुरुस्त करायच्या नाहीत. कन्नडात माणसांपुरताच पुरुष-बाई भेद, बाकी सगळं एका दावणीला. मराठीत वही ती, पुस्तक ते आणि फळा तो. पोर म्हणालं ‘माझा वही हरवला’, तर तू म्हण, ‘अरे, तुझी वही हरवली? कुठे हरवली?’ बास. त्याने बरोबर रूप ऐकलं, त्याची वही शोधायला मदत झाली, वर्गाला हसायला काही मिळालं नाही.

आणि मराठी घरच्या पोरांच्या मराठीचं काय? ते ‘करलालो’, ‘जायलालो’ म्हणतील. उदगीर-भालकीकडची ही रोजची बोली. तुझं बीएडचं मराठी पुण्याच्या पुस्तकातलं असेल, पण वर्गात ‘असं गावंढळ बोलू नये’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. आपण बोलतो तसं आणि आपण लिहितो तसं, असे दोन रकाने फळ्यावर पाडून ठेव. पोरांना पहिला रकाना भरायला आवडतो, दुसरा त्याच्या ओघात भरतो. तांड्यावरच्या पोरासाठी तिसरा रकाना लागेल. ते पोर एकाच वेळी दोन परक्या भाषा शिकतंय हे विसरू नकोस. त्याच्याकडून रोज एक शब्द वर्गाने शिकायचा, त्या शब्दाचा मास्तर तो.

जेवणाच्या सुट्टीबद्दल. अक्षर दासोहाचं जेवण २००२ मध्ये सुरू झालं तेच मुळी आपल्या बाजूच्या जिल्ह्यांपासून. २०१३ पासून दूध, आणि कल्याण कर्नाटकात डिसेंबर २०२१ पासून अंडं, नको असेल त्याला केळं. अंडं की केळं हे विचारताना आवाज सपाट ठेव. मोट्टे की बाळेहण्णू, एवढंच. कुणी काय घेतलं ह्यावर शेरा नको, तुझा नको आणि शेजारच्या बाईंचाही तुझ्यासमोर नको. पंगतीत पोरं जेवढं बोलतात तेवढं दिवसभरात बोलत नाहीत. तुझ्या वहीतल्या अर्ध्या नोंदी तिथेच होतील.

डिसेंबर-जानेवारीत येळवस येईल. वेळ अमावस्येला शाळा सुरू असली तरी पोरं रानात असणार, कोपीपाशी, भज्जी-आंबील-उंडे खात. कन्नड घरंही तेच करतात, फक्त एळ्ळ अमावस्या म्हणतात. गैरहजेरीबद्दल दुसऱ्या दिवशी रागावू नकोस, तोच पाठ कर. भज्जीत काय काय पडतं, कुणाच्या आईने किती शेंगा सोलल्या, कोपी कशी बांधली. भाषा, गणित, परिसर अभ्यास, तिन्ही एकाच दुपारी होतात. त्या दिवशी पाठ टाचण आधी लिहू नकोस, तास संपल्यावर लिही. प्राध्यापकांना चालत नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगते.

प्राध्यापक निरीक्षणाला येतील त्या दिवशी आधीच घोकवून घेतलेला पाठ घेऊ नकोस. हुशार पोरांना पुढे बसवून ठरलेली उत्तरं वदवून घेणं सगळे करतात, आणि पोरं ते घरी जाऊन सांगतात. छडीचा विचारही नको, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा बंद आहे. दंगा झाला की आवाज चढवण्याऐवजी खाली उतरव आणि दाराकडून मागच्या बाकाकडे चालत जा.

पालक भेटतील. एखादी आई म्हणेल, मराठीत काय ठेवलंय, कन्नडच शिकवा. दुसरी म्हणेल, इंग्रजीत घाला. दोघींचं बरोबर आहे, कारण नोकरी कुठल्या भाषेत मिळते हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एवढंच सांग की ज्या पोराला घरच्या भाषेत वाचता येतं त्याला दुसरी भाषा वाचायला कमी वेळ लागतो. युनेस्कोने १९५३ मध्ये हेच म्हटलं, कॅनडात जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हाच धागा लावून धरला, वाचायचं कसब एका भाषेतून दुसरीत जातं. पण आईला कमिन्स सांगून उपयोग नाही. तिच्या पोराला तिच्यासमोर मराठी गोष्ट वाचायला लाव, आणि मग तीच गोष्ट कन्नडात सांगायला लाव. दोन मिनिटं लागतात. आईला शाळेतून रात्री गोष्ट सांगायचं काम दे, तिच्याच भाषेत, तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी. कागद नको, सही नको.

जाताना तुझी ती मागची कोरी पानं, आता भरलेली, वर्गशिक्षिकेला दे. प्रत फोनमध्ये ठेव, पण पोरांची नावं असलेले फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नकोस. आणि हजेरीपत्रक, निरीक्षण-नोंदी, पाठ टाचणं ह्यांच्यावर हेडमास्तरांच्या सह्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नकोस, दर शनिवारी घे. वर्ष संपत आलं की ते बीईओ ऑफिसात सापडतात, आणि शाळेचा शिक्का कपाटाच्या ज्या कप्प्यात असतो त्याची किल्ली त्यांच्याच खिशात असते.